उठवणारे

नवस बोलताना बाईमाणूस शब्द मोजून बोलत नाही. पोटचं पोर तापानं फणफणलेलं असतं, बाहेर बर्फ पडत असतो, आणि तोंडून जे निघून जातं ते जातं. क्रेसेंझचंही तसंच झालं. गावात सगळे तिला झेंझी म्हणत. नवसाची बाई म्हणून ती ठाऊक होती. गाय सुखरूप व्याली की मेणबत्ती, नवरा नदीवरच्या धुक्यातून घरी परतला की नऊ दिवसांची प्रार्थना. बोललेला नवस तिनं कधी बुडवला नव्हता. हा एक मात्र राहिला. विसरली असंही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, जरा ऊन पडू दे, असं करता करता राहिला.

त्या फेब्रुवारीत तिच्या पाच वर्षांच्या वेवीला न्यूमोनिया झाला. नवरा आलोइस मालाची बोट घेऊन डॅन्यूबच्या खालच्या अंगाला, व्हिएन्नाच्याही पुढे गेलेला. सासूबाई मांडीचं हाड मोडून खाटेवर. डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि बजावलं, दर दोन तासांनी एक, रात्रीसुद्धा, एकही चुकता कामा नये. दोन रात्री झेंझीनं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तिसऱ्या रात्री तिची मान उभ्याउभ्याच कलंडू लागली.

मग तिनं आमच्याकडच्या बायका करतात तेच केलं. जे गेले पण अजून स्वर्गात पोचले नाहीत, ते बिचारे आत्मे आपल्या एका प्रार्थनेसाठी आसुसलेले असतात. त्यांच्या नावानं एकदा ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं, किती वाजता उठायचं ते सांगायचं आणि निर्धास्त आडवं व्हायचं. ते बरोबर उठवतात. पहाटे धारा काढायला, लवकरची गाडी गाठायला, आमच्या खोऱ्यात माणसं अशीच उठत आली आहेत.

खिडकीतून समोरच्या डोंगरावरचं गोल स्मारक दिसत होतं. लढाईत पडलेल्या शिपायांसाठी कुठल्याशा राजानं शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं. त्याच्याकडे बघत झेंझी म्हणाली, “वर तुम्ही जे कोणी असाल ते... मला दर दोन तासांनी उठवा. पोरगी वाचली तर तिला तुमच्याकडे घेऊन येईन. तिच्या हातानं तुमच्यासाठी दिवा लावीन.”

त्यांनी उठवलं. दोनच्या ठोक्याला तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक गार बोट लागलं. मग चारला. मग सहाला. पुढचा अख्खा दिवस आणि पुढची रात्र एक पुडीही चुकली नाही. पाचव्या दिवशी वेवीला दरदरून घाम सुटला, ताप उतरला, आणि पोरीनं शेवयांचं सूप मागितलं. झेंझी रडली, हसली, शेजारणींच्या गळ्यात पडली. त्या आनंदात एक गोष्ट करायची राहून गेली. कोणती, ते तिला पावणेदोन वर्षांनी कळलं.

*

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात वेवी झोपेतून दचकून उठू लागली. आधी रात्री, मग दुपारीही. शाळेत बाकावर डोकं टेकून डुलकी लागली तरी दोनच्या ठोक्याला ताठ. चारला ताठ. “कुणीतरी पायाला हात लावतं,” एवढंच सांगायची. रडायची नाही, भ्यायचीही नाही. पण तीन आठवड्यांत तिच्या अंगावरचं मांस झडलं, ओठ निळसर दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, जंत असतील. बाटलीभर औषध दिलं. त्या औषधाच्या वेळाही दर दोन तासांनी होत्या.

सासूबाईंना घरात सगळे ओमा, म्हणजे आजीच म्हणत, झेंझीसुद्धा. बटाटे सोलता सोलता ओमानं विचारलं, “काय गं, त्या वेळी तू आत्म्यांकडून उठवून घेत होतीस. काम झाल्यावर त्यांना झोपवलंस ना?”

“झोपवलं म्हणजे?”

ओमाच्या हातातला चाकू थांबला. “अगं बये! तुझ्या आईनं तुला नुसते पावच भाजायला शिकवले काय? काम झालं की सांगायचं असतं, ‘देव तुमचं भलं करो, आता निजा.’ दुसऱ्याला उठवायचं तर आधी स्वतःला जागं राहावं लागतं. तू त्या गरिबांना दर दोन तासांना बांधून ठेवलंस आणि सुट्टीच दिली नाहीस. दोन वर्षं होत आली. ते जागेच आहेत.”

झेंझीचे हात पाण्यात तसेच राहिले. “पण मग मला उठवायचं. वेवीला का उठवतात?”

“पुडी कुणाला द्यायची होती?” ओमा म्हणाली, आणि तिनं पुढचा बटाटा उचलला. तो सोलायला मात्र तिला जमेना.

*

मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला दुपारी, चौघं आलोइसच्या जुन्या गाडीतून निघाली. गावातली बाकी सगळी माणसं कबरस्तानात होती. नदीवरून धुकं वर चढत होतं, आणि ओल्या पानांचा, विझत्या मेणबत्त्यांचा वास सगळ्या खोऱ्यात भरून राहिला होता.

आलोइसला नवसाचं सांगितलं होतं, बाकीचं नाही. तो पुढे बसून बडबडत होता. “सुट्टीच्या दिवशी लोक बायकापोरांना घेऊन बिअर प्यायला जातात. माझं कुटुंब मेलेल्या शिपायांना भेटायला निघालंय. त्यांना विचारू का, तुमच्याकडे एखादा ग्लास मिळेल का म्हणून?”

“तू गप गाडी हाक,” मागून ओमा म्हणाली. “तुझा बापही असाच तोंडाळ होता, आणि दर वेळी वळण चुकायचा.”

“तो चुकायचा नाही गं आई. तू शेजारी बसलीस की मुद्दाम लांबून न्यायचा. तेवढीच संगत.”

ओमा फुरंगटून हसली. झेंझीही हसली असती. पण वेवीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि नुकताच तिचा डोळा लागला होता. शेजारच्या पिशवीत वेवीच्या धर्ममातेनं सणाचा म्हणून दिलेला, वेणीसारखा विणलेला पाव होता, बडीशेपेचा वास येणारा. पोरीनं त्याला तोंडही लावलं नव्हतं. झेंझी तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

खाली, धुक्यात, चर्चच्या घड्याळानं दोन ठोके दिले.

वेवीचा उजवा पाय असा हिसकला, की जणू कुणी बुटातून आत हात घातला. तिनं डोळे उघडले. “आले,” ती म्हणाली. “आज ते खूप जण आहेत, आई.”

आलोइसनं आरशातून मागे पाहिलं.

*

डोंगराची वाट चढायला ओमाला वेळ लागला. काठी टेकत, थांबत, तिला वर पोचेपर्यंत तीन वाजून गेले. स्मारक अगदी जवळ जाईपर्यंत दिसलंच नाही. मग एकदम भिंत समोर आली, ओली, पिवळट, वर कुठं संपते ते धुक्यात कळत नव्हतं.

रखवालदार ग्राडल दारातच बसला होता. त्याच्या नाकाखाली तपकिरीचा डाग होता आणि मांडीवर मांजर. “आज इथं कोण येतं म्हणा,” तो उठत म्हणाला. “चारला बंद करतो. बुटांवरून हे चढवा.” त्यानं लाकडी पेटीतून नमद्याचे, जाड दाबलेल्या लोकरीचे, मोठाले सपाते काढले. आतली संगमरवरी फरशी चरे पडून खराब होऊ नये म्हणून आलेल्या प्रत्येकानं ते घालायचे असतात. झेंझीनं वेवीच्या पायात ते चढवले. सपाते थंड होते, आणि आतून ओले.

“ओले कसे?” आलोइसनं विचारलं.

ग्राडलनं खांदे उडवले. “रोज शेकोटीजवळ वाळवतो. सकाळी पुन्हा ओले. दोन हिवाळे झाले.” मग तो झेंझीकडे वळला. “मेणबत्ती-बिणबत्ती नाही ना बाई? काजळी धरते. मला वर उत्तर द्यावं लागतं.”

झेंझी आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोलली असेल. तिनं कोटाच्या आत मेणबत्ती घट्ट धरली, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि म्हणाली, “नाही हो.”

आत अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता. वर घुमटाच्या मधोमध एक गोल खिडकी होती, तिच्यातून धुक्याचा करडा उजेड खाली उतरत होता. भिंतीलगत दगडी बायका उभ्या होत्या, दोन पुरुष उंचीच्या, पंख असलेल्या, एकमेकींचे हात धरून. पूर्ण गोल. त्यांच्यामागे भिंतीवर शिपायांची नावं, ओळीवर ओळ. चौघं चालली की नमदा फरशीवरून सर्र... सर्र... घासायचा.

“इथं एक गंमत आहे,” दारातून ग्राडल म्हणाला. “बोलून बघा. इथं काही हरवत नाही. जे सोडाल ते फिरून येतं.”

आलोइसनं बोटीवर घालतात तशी शीळ घातली. शीळ वर गेली, घुमटाला फेरी मारून आली आणि दोनदा, तीनदा त्यांच्या कानांशी वाजली. वेवी पहिल्यांदाच हसली. ग्राडल समाधानानं मांजराला घेऊन बाहेर पाइप ओढायला गेला.

“आता,” ओमा कुजबुजली. “चारच्या आत.”

झेंझीनं मेणबत्ती दगडी बाईच्या पायाशी उभी केली आणि काड्यांची पेटी वेवीच्या हातात दिली. पहिली काडी ओली निघाली. दुसरी मोडली. पोरीचे ओठ आता चांगलेच निळे दिसत होते. आलोइस पुढे सरसावला, “आण, मी लावतो.”

“तिच्याच हातानं,” झेंझी म्हणाली. आपल्याला इतका कडक आवाज आहे, हे तिलाही माहीत नव्हतं.

तिसरी काडी पेटली. वातीनं पेट घेतला. दारातून वारा येत होता, तरी ज्योत रेसभर हलली नाही. झेंझी गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, “हे प्रभू, त्यांना चिरविश्रांती दे. तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर पडो. माझं लेकरू तुम्ही वाचवलंत. काम झालं. देव तुमचं भलं करो... आता निजा.”

घुमटातून ते फिरून आलं. आता निजा. आता निजा. पण ते विरत गेलं नाही. ते आणखी भरत गेलं, एकामागून एक, जाडे, बारके, कोवळे, घोगरे आवाज, जशी बराकीत एकानं दुसऱ्याला द्यावी तशी ही निजायची खबर गोलाभोवती पुढे पुढे जात राहिली. आणि त्याच्यामागून नमद्याचा आवाज. सर्र... सर्र... भिंतीच्या कडेकडेनं. चौघांपैकी कुणीही चालत नव्हतं.

“झेंझी...” आलोइसचा आवाज तिच्या खांद्यामागून आला, अगदी बारीक. “आपण चौघंच आलोय ना?”

“मागे बघू नकोस.”

“मी बघत नाहीये. पण माझ्या हाताला...”

“बघू नकोस.”

हळूहळू ते सगळं खाली बसत गेलं. जसा मोठ्या घरातला शेवटचा माणूसही पांघरूण ओढून कुशीवर वळतो, तसा एक उसासा भिंतीतून निघाला. मग काही नाही. झेंझीनं डोळे उघडले.

वेवी शेजारी नव्हती.

ती पार समोरच्या बाजूला, दोन दगडी बायकांच्या मधे, भिंतीला कान लावून उभी होती. एका हातानं तिनं दगडी बाईची बोटं धरली होती. तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी विचारत होती, नीट, शाळेत बाईंना विचारावं तसं. आणि तिचं बोलणं परत येत नव्हतं. आलोइसची शीळ आली होती, झेंझीची प्रार्थना आली होती. वेवीचा एक शब्दही त्या घुमटानं परत केला नाही. मग ती थांबली, ऐकू लागली, आणि तिनं दोनदा मान डोलावली.

खाली चार वाजले. झेंझीनं श्वास रोखून पोरीच्या पायाकडे पाहिलं. पाय हलला नाही. वेवीनं मोठी जांभई दिली, सपाते घासत आली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टाकून तिथंच झोपी गेली.

बंद करायला आलेल्या ग्राडलनं मेणबत्ती पाहिली. तो ओरडला नाही. त्यानं टोपी काढली आणि बराच वेळ कान देऊन उभा राहिला. “दोन हिवाळ्यांत बाई,” तो म्हणाला, “आज पहिल्यांदा इथं शांत वाटतंय.”

*

वेवी सोळा तास झोपली. उठली तेव्हा तिच्या ओठांवर लाली होती, आणि तिनं अख्खा वेणीचा पाव एकटीनं संपवला. घरात सण असल्यासारखं झालं. आलोइसनं पोरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. ओमानं झेंझीला जवळ बसवून पहिल्यांदा ‘पोरी’ अशी हाक मारली.

संध्याकाळी झेंझीनं दिवा लावला, तेव्हा वेवी तिच्याजवळ आली.

“आई, मग त्यांना किती वाजता सांगू?”

“कुणाला गं?”

“त्या माणसांना. तू त्यांना निजा म्हणालीस ना. ते निजत होते, म्हणून मी विचारलं, तुम्हाला कितीला उठवू? त्यांनी मला एवढ्या वेळा उठवलं, मग मीही उठवायला नको का?” पोरीच्या चेहऱ्यावर केवढा तो गुणीपणा. “ते म्हणाले, तुझ्या आईनं झोपवलंय, तीच सांगेल कधी ते. रोज संध्याकाळी तिला विचार. ती हो म्हणाली की आम्हाला हाक मार.”

ओमाच्या हातून जपमाळ खाली पडली. ती म्हणाली, “सांग तिला, कधीच नाही.”

“कधीच नाही, असं नाही चालत ओमा,” वेवी म्हणाली. “ते म्हणाले, वेळ ठरवल्याशिवाय कुणी नीट झोपत नाही.”

झेंझीनं लेकीचे दोन्ही हात धरले. पुन्हा उठले तर ते काय करतील, याचा विचारही तिला करवेना. तिला फक्त ते निळे ओठ आठवत होते. “आज नको,” ती म्हणाली.

“बरं,” असं म्हणून वेवी खेळायला गेली.

त्यानंतर एकही संध्याकाळ चुकली नाही. वेवी मोठी झाली, लग्न होऊन न्यूरेम्बर्गला गेली. ओमा गेली, मग आलोइस गेला. वेवी रोज सहाला फोन करते. तब्येत, हवा, नातवंडांची भांडणं, सगळं बोलणं मग. आधी एकच प्रश्न, एकच उत्तर. आज नको. वेवीला स्वतःला त्या घुमटातलं काही आठवत नाही. प्रश्न तोंडात येतो, ती म्हणते, शिंक आल्यासारखा, आणि आईनं उत्तर दिल्याशिवाय तिला झोप लागत नाही. झेंझीनं तिला कधी भीती घातली नाही. देवानं रोजचं एकच काम दिलंय, ते रोज करावं, असं म्हणून ती हसते.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत झेंझीचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. सकाळी व्हायचं ते लांबत लांबत संध्याकाळवर गेलं. पाचपासून नऊपर्यंत ती गुंगीच्या औषधाखाली होती. शुद्ध येताच तिनं नर्सकडे खुणेनं फोन मागितला.

“अगं, तू झोप की आता,” पलीकडून वेवी म्हणाली. “सहाला तर बोललो आपण.”

“कोण... बोललं?”

“तू. तूच फोन उचललास. आवाज जरा लांबून येत होता, पण तुझाच. मी विचारलं, कितीला सांगू? फक्त आज तू नेहमीसारखं ‘आज नको’ म्हणाली नाहीस.”

“मग... काय म्हणाले मी?”

“म्हणालीस, ‘आता थोडंच राहिलंय.’”

झेंझी घरी आली आहे. अजून चालते, दिवा लावते, फोन उचलते. आवाज मात्र फार बारीक झालाय. कधी कधी वेवीला दुसऱ्यांदा विचारावं लागतं. झेंझीचा देवावर पूर्ण भरवसा आहे. एका तोंडचं बळ सरलं तर दहा तोंडांनी त्यांना झोपेत धरून ठेवता येतं, असं ती भेटेल त्याला सांगते आणि हात जोडून विनवते. तिच्या वतीनं मीही विनवते. आज दिवेलागणीला तुम्ही आपल्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा तुम्हाला येत असेल ती प्रार्थना म्हणा, आणि शेवटी एवढंच जरा मोठ्यानं म्हणा: आज नको. निजा.